न गंजलेला तवा

वाणगल्लीत असा उघड उघड अंडी परतल्याचा वास यावा, हे चुडावा गावात आजवर कधी घडलं नव्हतं. तो वास महानंदाच्या नाकात शिरला.

वैशाखातली दुपार. गल्लीतली कुत्रीसुद्धा ओट्याखाली शिरून पडली होती. महानंदा परसात ज्वारी निवडत बसली होती, ते सूप हातात तसंच राहिलं. वास येत होता शेजारच्या बन्सीधर मारवाड्याच्या घरातून, जिथं कांदा चिरायचा तरी लोक चार वेळा विचार करत. थोड्या वेळानं परसाच्या भिंतीवरून बन्सीधरची बायको नर्मदाबाई डोकावली. पदर नाकाला, डोळे सुजलेले.

"महानंदाबाई, आमचं घर बाटलं वं. जमादार आलता. किशनराव. रुमालातून अंडी काढून चुलीपाशी ठेवली अन् म्हनला, खागीना करा."

"खागीना म्हंजे?"

"अंडी फेटून मोकळी मोकळी परतायची म्हनं. मी म्हन्लं, साहेब, आमी अंड्याला हात न्हाई लावत. तर म्हनला, त्येच तर बघायचंय. आपल्या उकिरड्यावर शिपायाला टरफलं घावलीत. तीन घरांचा उकिरडा, तिन्ही घरांत अंडं चालत न्हाई. मंग खायलाय कोन? ज्या घरात फरारी लपलाय, त्या घरच्या बाईचा हात अंड्याला सरावलेला असनार, असं म्हनला." नर्मदाबाईनं डोळे पुसले. "अडगळीतलं पातेलं काढलं. निम्मं चिकटलं, निम्मं करपलं. मला रडू यायलंय अन् ह्यो बाबा हसायलाय! म्हनला, हे घर साफ. कुलकर्न्याकडं खापरात केलं, तितंबी तसंच झालं. आता तुमच्याकडं यायलाय."

एवढं बोलून ती भिंतीआड गेली. महानंदा सूप बाजूला ठेवून उठली खरी, पण उठून कुठं जायचं हे तिला सुचेना.

ते साल अठ्ठेचाळीसचं. निजामाचं राज्य तेव्हा शेवटचे आचके देत होतं, असं आज आपण आरामात बसून म्हणतो. तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रझाकारांच्या भीतीनं गावं रिकामी होत होती, गाड्या सुटतील की नाही याचा भरवसा नव्हता, आणि स्टेट काँग्रेसच्या पोरांना घरात थारा देणाऱ्याचं घर पेटवून दिलं जात होतं. महानंदाचा नवरा मन्मथअप्पा हा साधा किराणा विकणारा लिंगायत वाणी. त्यानं आयुष्यात धाडस असं एकच केलं होतं. स्टेशनाजवळची तार तोडताना मांडीत गोळी लागलेल्या लिंबाजीला त्यानं आपल्या घरात आणून लपवलं होतं. लिंबाजी शेतकऱ्याचा पोरगा, मन्मथअप्पाच्या दुकानात बसून पेपर वाचणारा. दुकानामागच्या कोठारात दुहेरी भिंतीमधलं धान्याचं बळद होतं. त्यात खाली लिंबाजी आणि वर सरकीची पोती. झडती घ्यायला आलेले शिपाई दोनदा त्या पोत्यांवर बसून पाणी पिऊन गेले होते.

जमादारानं सगळ्या गल्लीच्या भिंती फोडल्या नाहीत, कारण तेवढी माणसं त्याच्याकडं नव्हती. त्याला एक घर नक्की हवं होतं. ते सापडलं की पहारी घेऊन आत शिरायचं, एवढंच बाकी होतं. आणि मन्मथअप्पा तर लिंबाजीला पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात पोचवण्यासाठी बैलगाडीची सोय करायला पूर्णेला गेलेला. घरात महानंदा आणि तिची सासू चन्नबसम्मा, दोघीच.

सासूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. निदान महानंदा आणि मन्मथअप्पा तसं धरून चालले होते. "आईला बंदूक घरात आलेली चालंल, अंडं चालायचं न्हाई," असं मन्मथअप्पा बायकोला म्हणाला होता आणि त्यात थट्टा थोडीच होती. चन्नबसम्मा रोज अंघोळ करून, विभूती लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याला तोंड लावायची नाही. घरातलं प्रत्येक भांडं तिच्या ओळखीचं. दिवेलागणीला ती फळीपुढं उभी राहून डोळ्यांनीच सगळ्यांची हजेरी घ्यायची. वाटी फळीवर एका बाजूला सरकलेली दिसली तरी कुणाचा हात लागला ते विचारायची. फुटकं, तडकलेलं भांडं तिला घरात खपत नसे. दुसऱ्या घरांत अडगळ असते तशी त्या घरात नव्हती.

आणि लिंबाजीला तर अंडीच हवी होती. जखम भरेना, ताप उतरेना, भाकरी गिळवेना, दूध पोटात ठरेना. वैदूनं सांगितलं, अंडं घाला, नाहीतर पोरगं हातचं जाईल. लिंबाजीची आई कडूबाई गल्लीत गवऱ्या घालायला यायची. ती गवऱ्यांच्या पाटीत तळाशी अंडी लपवून आणू लागली. लेक समोरच्या भिंतीत आहे हे माहीत असून त्या बाईनं कधी मान वर करून त्या भिंतीकडं बघितलं नाही. महानंदाला तिच्याकडं बघूनच अंडं हातात धरायचा धीर आला होता.

पण अंडं करायचं कशात? हा प्रश्न आपल्याला फालतू वाटेल, तिला वाटत नव्हता. स्वयंपाकघरातल्या भांड्यात करणं शक्यच नव्हतं. मग ती गोठ्यात तीन दगड मांडून, म्हशीच्या आडोशाला, सासू पूजेला बसली की करायची. आधी खापर घेतलं, तर त्यानं अंडं पिऊनच टाकलं. मग डब्याचं पत्र्याचं झाकण घेतलं, ते क्षणात करपलं आणि तिनं हातातलं झाकण उकिरड्यात फेकून दिलं. शेवटी गव्हाणीखाली पडलेला बिडाचा तवा तिला दिसला. ओतीव लोखंडाचा, जाड, जड, मधे थोडा खोलगट. त्याच्यावर घरात वर्षानुवर्षं धिरडी झालेली. दिवाळीत जात्यावर आपटून त्याची कड फुटली, तेव्हा सासूनं तो मोडीत द्यायला म्हणून गोठ्यात टाकला होता. पुढं वाटा बंद झाल्या, मोडवाला आलाच नाही.

त्या तव्यावर अंडं चिकटायचं नाही. थेंबभर तेल, मंद आच, उलथण्यानं हलकेच ओढत राहायचं आणि थोडं ओलसर असतानाच उतरवायचं, म्हणजे लिंबाजीच्या घशाखाली उतरायचं. महानंदाचा हात बसला होता. नवल एवढंच, की ती घाईघाईत तवा धुऊन ओलाच गव्हाणीखाली सरकवायची, तरी तो कधी गंजला नाही. उलट दिवसेंदिवस जास्तच तुकतुकीत होत गेला. बिडाचा गुण, असं तिला वाटायचं.

तो तवा आत्ताही गव्हाणीखाली होता.

ती गोठ्याकडं धावली. पण मागच्या दारात आश्रुबा शिपाई बंदुकीवर रेलून उभा होता. तिनं म्हशीपुढं दोन पेंढ्या टाकल्यासारखं केलं आणि जीव मुठीत धरून मागं फिरली. तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली.

"अम्मा, हाव का घरात?"

किशनराव जमादार पन्नाशीचा, सडपातळ माणूस. आवाज कधी चढवायचा नाही. लोकांना त्याचीच जास्त भीती वाटायची. तरुणपणी तो पूर्णेच्या स्टेशनात बावर्चीखान्यात होता, साहेबलोकांसाठी अंडी करायचा, आणि ते तो अभिमानानं सांगायचा. बाईचं तोंड खोटं बोलेल, पण चुलीपुढं बसली की तिचा हात खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

तो बूट घालूनच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला.

"बूट काढा," कोपऱ्यात बसलेली चन्नबसम्मा म्हणाली. "इतं लिंगपूजा व्हती."

जमादारानं तिच्याकडं बघितलं. मग वाकून बूट काढले, पाट ओढून चुलीसमोर बसला आणि रुमाल सोडला. आत तीन अंडी.

"माफ करा अम्मा. हुकूम हाय. अंडी माझी, तेल-मीठ तुमचं. सूनबाईला म्हनावं, खागीना करा. भांडं तुमच्या मर्जीचं."

चन्नबसम्मानं अंड्यांकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. "शिव, शिव," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

महानंदा फळीपुढं उभी राहिली. सगळी भांडी लखलखत होती आणि तिला त्यातलं एकही नीट दिसत नव्हतं. अंडं बिघडवायचं, हे तिला पक्कं कळलं होतं. जिचं अंडं बिघडेल ती सुटेल. मग जे भांडं चिकटतं ते घ्यायचं. भाकरीचा तवा पातळ, त्याला तेल कधी माहीत नाही, त्यावर अंडं धरून बसेल. रोजचं भांडं बाटलं तर बाटलं, नंतर बघू. तिनं झटकन भिंतीला टेकवलेला भाकरीचा तवा उचलला.

"थांबा," जमादार म्हणाला.

तवा तिच्या हातात तसाच राहिला.

"रोजचा तवा? ज्याच्यावर घराची भाकरी व्हती, त्यो?" जमादार हसला. "मारवाड्याच्या घरी अडगळीतलं पातेलं काढलं. कुलकर्न्याकडं खापर काढलं. ज्याच्या घरात सोवळं हाय, ते मानूस अशा कामाला टाकाऊ भांडं हुडकतंय, बाई. तुमी हुडकलंबी न्हाई. हात सरळ तव्यावर गेला. का बरं? टाकाऊ भांडं मला दाखवायचं न्हाई का?"

एवढी साधी गोष्ट महानंदाच्या लक्षात आली नव्हती. अंडं बिघडवायच्या नादात ती लिंगायताची सून कशी वागेल हेच विसरून गेली होती.

"टाकाऊ न्हाई काय घरात," ती कशीबशी म्हणाली.

"वान्याच्या घरात अडगळ न्हाई?" जमादारानं मान मागं वळवली. "आश्रुबा! गोठ्यात बघ रं, जुनंपानं भांडं हाय का एखादं."

"म्हैस मारकी हाय," चन्नबसम्मा कोपऱ्यातून म्हणाली. "पोटात शिंग घातलं तर माज्या नावानं बोंबलू नका."

मागच्या दारात आश्रुबा थबकला. म्हशीनं त्याच्याकडं बघून फुसकारा टाकला, तसा तो जमादाराच्या दुसऱ्या हुकमाची वाट बघत उभा राहिला. जमादार सरळ म्हातारीकडं वळून बसला.

"अम्मा, तुमी खोटं बोलत न्हाई, गाव सांगतंय. गळ्यात लिंग हाय तुमच्या. तुमीच सांगा. ह्या घरात जुनं, फुटकं, टाकलेलं भांडं हाय का न्हाई?"

महानंदानं सासूकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर डोळ्यांनी विनवलं असतं, आणि ते जमादारानं टिपलं असतं. ती चुलीतल्या राखेकडं बघत राहिली. सासू आता सांगणार, यात तिला काडीचीही शंका नव्हती. का नाही सांगणार? तिच्या दृष्टीनं तर तो सुटकेचाच मार्ग होता. गोठ्यातला फुटका तवा घ्या, त्यात काय करायचं ते करा आणि माझी चूल सोडा, असं ती म्हणेल. मग आश्रुबा तवा घेऊन येईल. सहा महिने गोठ्यात पडलेला तवा आणि गंजाचा ठिपका नाही, अंगावर आरशासारखी तुकतुकी! बावर्चीखान्यात तरुणपण काढलेल्या माणसाला त्यावर अंडं फोडायचीही गरज पडणार नाही. मग पहारी येतील, सरकीची पोती उचलली जातील, आणि कडूबाईनं इतके दिवस मान खाली घालून जपलेला लेक तिच्यासमोर ओढत नेतील.

"व्हता," चन्नबसम्मा म्हणाली. "बिडाचा तवा व्हता एक. कडंला फुटलेला."

महानंदानं भिंत धरली.

"मंग? कुटं हाय?"

"मोडीत दिला. दिवाळीतच." म्हातारीचा हात गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या करंड्यावर गेला आणि तिथंच राहिला. "फुटकं भांडं मी घरात ठिवत न्हाई. पुसा गल्लीत कुनालाबी."

जमादार तिच्याकडं बघत राहिला. म्हातारीनं नजर खाली घेतली नाही. मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, देवघराच्या फळीपाशी गेली आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं एक भांडं काढून आणलं. फडकं सोडलं, तसं महानंदानं ते ओळखलं.

हुग्गीची कढई होती ती. पितळेची, जड, आतून रुपेरी कल्हईची. लग्नानंतर चन्नबसम्मा गाडीतून सासरी आली तेव्हा ही कढई मांडीवर घेऊन आली होती. श्रावणात लिंगायतांचे गुरू जंगमस्वामी घरी जेवायला आले की हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, हिच्यातच शिजायची, आणि एरवी कुणाचा तिला हात लागत नसे. महानंदानं लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी ती कौतुकानं उचलली होती, तर सासूनं तिला परत अंघोळ करायला लावली होती.

"हिच्यात कर," चन्नबसम्मा म्हणाली आणि कढई तिच्या हातात दिली.

जमादारसुद्धा चपापला. "अम्मा, ही तर..."

"रोजचा तवा घराच्या पोटाचा हाय. त्यो मी द्यायची न्हाई. ही माजी हाय, माज्या माह्यरची. तुमच्या हुकमाला द्यायचं तर मी माजंच देईन." आणि सुनेला म्हणाली, "बघत काय ऱ्हायलीस? कर."

महानंदानं कढई चुलीवर ठेवली. तिला आता रडू कोसळलं आणि तिनं ते आवरलं नाही. ते खरं रडणं होतं. जमादाराला काय वाटायचं ते वाटो.

अंडं हातात घेतलं तर बोटं आपोआप नीट बसली. कडेवर एक हलकी टिचकी मारली की झालं, हे हाताला ठाऊक होतं. तिनं हात आवरला आणि लिंबू पिळावं तसं अंडं मुठीत दाबलं. बलक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, टरफलाचे तुकडे कढईत पडले. दुसरं तिनं जमिनीवर आपटलं, निम्मं तिथंच सांडलं. तेल विसरल्यासारखं केलं. खाली लाकूड जास्त सारलं.

पितळ तापलं. अंडं कल्हईला धरून बसलं, कडेनं तपकिरी झालं, मधे पाणीच. आता उतरवायची वेळ आली होती. तिचा उजवा हात फडक्याकडं निघालासुद्धा. जमादाराची नजर त्या हातावर आहे हे तिला न बघताच जाणवलं. निघालेला हात तिनं तसाच डोळ्यांकडं नेला आणि डोळे पुसले. करपू दे. जळू दे. काळं होऊ दे. आपल्या डोळ्यांसमोर चांगली वस्तू नासत असताना हात मांडीवर ठेवून बसणं किती अवघड असतं, ते तिला त्या चुलीपुढं कळलं. उलथणं फिरवलं तर कल्हईसकट पापुद्रे निघाले. सगळं घर त्या वासानं भरून गेलं. चन्नबसम्मा भिंतीसारखी उभी होती आणि कढईकडंच बघत होती.

जमादारानं वाकून बघितलं. चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं, दातांखाली टरफल आलं, तसं परसात जाऊन थुंकला. परत आला तेव्हा तो हसत नव्हता. त्यानं उरलेलं एक अंडं रुमालात बांधलं.

"हे घर साफ," तो आश्रुबाला म्हणाला. "चल."

बूट घालताना उंबऱ्याशी तो जरा घुटमळला. "अम्मा, कल्हई करून घ्या. नवी व्हईल."

"कल्हईनं जात न्हाई ते," चन्नबसम्मा म्हणाली.

पावलं गल्लीच्या टोकापर्यंत गेली. पुढचं दार लावून महानंदा आत आली आणि सासूच्या पायांवर कोसळली. पायांवरच ती पुन्हा पुन्हा "आत्याबाई, आत्याबाई" एवढंच म्हणत राहिली.

"ऊठ," चन्नबसम्मा म्हणाली. "टरफलं उकिरड्यावर टाकतेत व्हय गं? चुलीत घालायची. येवडंबी कळंना का तुला?"

महानंदानं मान वर केली. "तुमाला... कदीपासून ठावं हाय?"

"पयल्या दिसापासून. मी पूजा डोळे मिटून करते, नाक मिटून न्हाई." म्हातारी खाली बसली. तिचा चेहरा एकदम थकलेला दिसला. "मन्मथ सांगंल, तू सांगशील, म्हनून वाट बघितली. न्हाई सांगितलं. मंग मीबी म्हन्लं, सांगितलं तर मला न्हाई म्हनावं लागंल. अन् न्हाई म्हन्लं असतं तर त्या कडूबाईच्या तोंडाकडं कसं बघितलं असतं मी? म्हनून गप ऱ्हायले."

"अन् तवा? तुमी तवा बघितला व्हता?"

"बघितला व्हता म्हनं!" चन्नबसम्मा चिडली. "त्याला तेल कोन लावत व्हतं? तू तर वलाच टाकून जायचीस. बीड वलं ठिवलं तर रातीत गंजतंय, अन् गंजलेल्या तव्यावरचं त्या पोराच्या पोटात गेलं असतं म्हंजे? रोज दिवेलागनीला गोठ्यात जाऊन पुसायची, करडीच्या तेलाचा हात फिरवायची, अन् मंग अंगावर पानी घ्यायची. तुला वाटलं आत्याबाईला उन्हाळा सोसंना."

महानंदा तिच्याकडं बघतच राहिली. एवढ्या दिवसांत ज्याला ती बिडाचा गुण समजत होती, तो या बाईचा हात होता. ज्या बाईला भिऊन ती म्हशीआड लपून चूल पेटवत होती, ती बाई तिच्या मागोमाग येऊन तोच तवा दुसऱ्या दिवसासाठी तयार करून ठेवत होती. तिला लाज वाटली, आणि मायाही दाटून आली.

"तुमची कढई गेली, आत्याबाई."

"गेली." चन्नबसम्मानं करपलेल्या कढईवरून बोट फिरवलं आणि पदराला पुसलं. डोळ्यांतलं पाणी तिनं लपवलंही नाही आणि पुसलंही नाही. "कडूबाईला देऊ. तिच्या लेकापायी गेली, तिच्या घरात ऱ्हाऊ दे. श्रावनात स्वामी आले तर हुग्गी मातीच्या मडक्यात करू. स्वामींना सांगंन मी, काय झालं ते. खोटं बोलले तेबी सांगंन."

बाहेर म्हैस हंबरली. चन्नबसम्मा भानावर आली.

"त्या पोरानं सकाळपासून काय खाल्लंय?"

"कायबी न्हाई. वास येईल म्हनून भ्याले."

"आता सगळ्या गल्लीत त्योच वास हाय. कोनाला काय कळनार? गवऱ्यांच्या राशीत खालच्या थराला दोन अंडी ऱ्हायलीत, घिऊन ये. अन् तवा आत आन."

"आत? चुलीवर?"

"मंग काय म्हशीपुढं करनार? बाटायचं ते बाटलं. जा."

महानंदानं गव्हाणीखालून तवा आणला, गवऱ्यांतून अंडी आणली. चन्नबसम्मानं चुलीकडं पाठ केली, भिंतीकडं तोंड करून बसली, कपाळाला विभूती लावली आणि लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. तिचे ओठ हलू लागले.

तव्यावर तेलाचा थेंब पसरला. महानंदानं कडेवर हलकी टिचकी मारून अंडं फोडलं. टरफलाचा एक तुकडासुद्धा आत पडला नाही. आच थोडी जास्तच झाली होती, पण मघाच्या भीतीनं तिचं मन ठिकाणावर नव्हतं.

"लाकूड मागं वढ," भिंतीकडं तोंड केलेली चन्नबसम्मा म्हणाली. "अन् उतरीव आता. लय शिजलं की त्याला गिळवत न्हाई."

महानंदानं तवा उतरवला. अंडं आपसूक घसरत वाटीत आलं.